खोळंबलेली पंगत

ॲपमधल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. दुसऱ्यांनी महिनोन्‌महिने खपून काहीतरी बनवायचं आणि मी त्याला नावं ठेवायची, असं ते काम. "तुह्या स्वभावाले यापेक्षा बरं काम शोधून सापडलं नसतं," असं माझे बाबा म्हणायचे. खरंच आहे ते. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो आणि दुसऱ्याची चूक मला शंभर हातांवरून दिसते. स्वतःची दिसत नाही, पण ती शोधायचा पगार अजून कोणी देऊ केलेला नाही.

बाबा दसऱ्यानंतर गेले. बुलढाण्याच्या घरात ते आणि त्यांचा कुत्रा, असे दोघंच राहायचे. आई सहा वर्षांपूर्वी गेली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी हे पिल्लू कुठूनसं उचलून आणलं. गावठी, तांबडा, छातीवर पांढरा डाग, एक कान कायम दुमडलेला. मी पुण्यात. रोज संध्याकाळी एक फोन, दिवाळीला चार दिवस, आणि त्या चार दिवसांतही मांडीवर लॅपटॉप. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि त्या घरात मी आणि कुत्रा एकमेकांची तोंडं बघत उरलो.

बाबांना भाऊ म्हणणाऱ्या शेजारच्या काकू मायेनंच म्हणाल्या होत्या, "कुत्रं मी ठेवतो. तुले नाही जमनार."

"मला जमतं," मी म्हणाले. तेवढ्यावर थांबले असते तर बिघडलं नसतं. पण थांबेन तर ती मी कसली! "माझ्या बाबांचा आहे तो, आणि तुम्ही कशाला लक्ष घालता आमच्या घरात?" असंही मी म्हणून बसले. काकूंचं तोंड एवढंसं झालं. दोन दिवसांनी त्या लेकीच्या बाळंतपणासाठी अकोल्याला गेल्या. जाताना माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि मीही काही आपणहून बोलायला गेले नाही.

आणि कुत्रा जेवेना. अगदीच काही खात नव्हता असं नाही. सकाळी उठून पाहिलं तर वाटीतलं चार घास कमी झालेलं असायचं, कधी दोन. दूध-पोळी करून पाहिली, अंडी उकडली, दुकानातून महागाचं पाकीट आणलं, चिकन शिजवलं. मी वाटी ठेवायची, तो यायचा, एकदा हुंगायचा आणि मागे सरकून माझ्याकडे बघत बसायचा. मी आधी लाडानं सांगायची, मग ओरडायची, मग मीटिंगची वेळ व्हायची. मी लॅपटॉपपाशी जाऊन चिवडा, बिस्किटं, हाताला लागेल ते तोंडात टाकायची आणि तो उंबऱ्यात बसून तसाच बघत राहायचा. त्याच्या फासळ्या मोजता येऊ लागल्या.

जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोट दाबून पाहिलं, दात पाहिले. "आजार काही नाही," ते म्हणाले, "पण असंच चाललं तर पंधरा दिवसांत सलाईनवर घ्यावा लागेल, आणि सलाईनवर कुत्रं किती दिवस काढणार? जरा हवा बदलून बघा." बाबांनी मागे ठेवलेलं जिवंत असं ते एकच होतं, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत वाळत चाललं होतं. काकू म्हणाल्याच होत्या, नाही जमणार म्हणून. ते शब्द दिवसातून दहा वेळा आठवायचे आणि दहाही वेळा मला काकूंचाच राग यायचा.

हवा बदला म्हणजे काय करा? पुण्यातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट म्हणजे काही हवाबदल नव्हे. ऑफिसनं महिनाभर कुठूनही काम करायची मुभा दिली होती. अट एकच, दुपारी एकच्या मीटिंगला तोंड दाखवायचं. मी बाबांच्या जुन्या व्हॅनमधली मागची सीट काढली, गादी टाकली, एक तंबू मागवला, गॅसची छोटी शेगडी आणि दोन पॉवर बँका घेतल्या आणि निघाले. लोक गोव्याला जातात, हिमाचलला जातात. आमची स्वारी निघाली आपल्याच जिल्ह्यात. एवढ्या अशक्त कुत्र्याला डॉक्टरांपासून फार लांब न्यायची माझी छाती नव्हती.

पहिला मुक्काम लोणारकडे, सुलतानपूरजवळ एका मेथी-कोथिंबिरीच्या वावरात. मालकिणीला विचारून बांधावर तंबू लावला. ती कमरेवर हात ठेवून सगळं बघत होती. खुंट्या ठोकून झाल्या तेव्हा म्हणाली, "झालं तुमचं खेळनं? आता घरात चला. बाईमाणूस कापडाच्या घरात झोपते का कुठं?" मी नाही म्हणाले तर तिनं घरून सतरंजी आणून दिली, वर वाळलेल्या कडब्याची पेंढी, खाली अंथरायला. सकाळी मेथीची जुडी. चार दिवसांत तिनं मला एकदाही विचारलं नाही की तू कोण, कुठली, नवरा कुठे. फक्त कुत्र्याकडे पाहून "झुरून राह्यलं ते" एवढं म्हणायची. आजही मेथी निवडायला घेतली की मला ती बाई आठवते आणि बरं वाटतं.

तिथून उत्तरेला, जळगाव जामोदला. तंबूची चेन तुटली होती, ती बाजारातल्या एका शिंप्यानं शिवून दिली. तंबू उलगडून त्यानं आतबाहेर पाहिला आणि विचारलं, "हे कायच्यासाठी व्हय मॅडम, सर्वे हाय का?" ते तर कायमचंच झालं होतं. व्हॅनच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवून बसलेली बाई म्हणजे सरकारी बाई, यावर जिल्ह्याचं एकमत होतं. कोणी रस्ता रुंद होणार का विचारी, कोणी पीक पाहणीवाली समजून तुरीच्या शेंगेतली अळी नाकाशी आणून दाखवी. एकानं माझ्या मीटिंगच्या मध्येच तोंड घालून स्क्रीनवरच्या माझ्या साहेबांना विचारलं, "साहेब, आमच्या लायटीच्या डीपीचं काय?" साहेबांनी "बघतो" म्हणून सांगितलं. साहेब बंगळूरचे, त्यांना मराठी येत नाही, पण 'बघतो' कुठे म्हणायचं ते त्यांना बरोबर कळतं.

मी हसत होते, दिवस चांगले चालले होते, आणि कुत्रा मात्र जेवत नव्हता. ओढ्यात पाय बुडवायचा, बगळ्यांमागे चार उड्या मारायचा, दमून यायचा. वाटी ठेवली की मागे सरकून माझ्याकडे बघत बसायचा. डॉक्टरांच्या पंधरा दिवसांतले अकरा संपले होते.

सोनाळ्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका संत्र्याच्या बागेजवळ आम्ही थांबलो. तिथे बांधावर मोबाईलची रेंज बरी होती, म्हणून थांबलो, दुसरं काही कारण नाही. सकाळी उठून बघते तर समोरच्या वावरात ट्रॅक्टर, दोन मोटारी, आणि चाळीसेक माणसं. त्या दिवशी चंपाषष्ठी होती. एका घरचं सगळं खटलं वावरातल्या आपल्या खंडोबाला रोडगे घेऊन आलं होतं. आमच्याकडे रोडगे माहीत नसलेला माणूस नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. गव्हाच्या जाड कणकेचे गोळे, शेणाच्या गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचे, राख झटकून फोडायचे आणि वर तुपाची धार. सोबत वांग्याचं भरीत आणि वरण. धूर उठला होता, बायका वांगी भाजत होत्या, आणि आमचे कुत्रे महाराज तंबूत नव्हते.

पाहिलं तर तो त्या आराजवळ जाऊन बसला होता. मी चप्पल न घालता धावले, लांबूनच ओरडत. "ए! इकडे ये! लाज आहे का काही!"

"ओरडू नको वं माय त्याच्यावर," एक आजी म्हणाल्या. नऊवारी, कपाळावर भंडारा, आवाज खणखणीत. घरची कर्ती बाई तीच हे लगेच कळलं, कारण पन्नाशीचा तिचा मोठा मुलगासुद्धा तिच्याकडे बघून मग बोलत होता. "आजच्या दिवशी आपल्या पायानं आलं ते. खंडोबाचं कुत्रं हाय हे. आता पह्यला रोडगा याचा. तू बी थांब जेवाले."

मी म्हणाले, एकला माझी मीटिंग आहे. आजींनी ते ऐकलं न ऐकलं केलं.

नैवेद्य झाला, आरती झाली. पळसाच्या पत्रावळी मांडून सगळे ओळीनं बसले. त्या घरची रीत अशी की खंडोबाच्या कुत्र्यानं तोंड लावल्याशिवाय माणसानं घास उचलायचा नाही. आजींनी स्वतः रोडगा कुस्करला, तूप ओतलं, वर भरीत घातलं आणि पत्रावळ कुत्र्यासमोर ठेवून हात जोडले.

कुत्र्यानं हुंगलं. मागे सरकला. बसला. माझ्याकडे बघायला लागला.

चाळीस माणसं माना वळवून कुत्र्याकडे. वरणावर साय धरायला लागली.

"गरम असन," एकजण म्हणाला. फुंकर घालून झाली. "भरीत तिखट असन." भरीत काढून झालं. मोठा मुलगा गुडघ्यावर बसून "खाय ना बाप्पा, खाय ना" करत होता. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी हळूच सांगितलं, "तो दीड महिना झाला, नीट जेवतच नाही. तुम्ही बसा जेवायला. खरंच."

"असं कसं?" मोठा मुलगा म्हणाला. मग त्यानं तोडगा काढला, "आई, मोटरसायकल घेऊन जातो. गावातून दुसरं कुत्रं आनतो. दहा मिनिटांचं काम हाय."

आजी भडकल्या. "काऊन बे? पाव्हन्याचं ताट उचलून दुसऱ्याले देतं का तू? मांडलं ते मांडलं!"

तेवढ्यात माझा फोन वाजायला लागला. एक वाजला होता, साहेब. मी कट केला. पुन्हा वाजला, पुन्हा कट केला. मला सगळ्यांचाच राग आला होता. साहेबांचा, खंडोबाचा, आजींचा, आणि सर्वांत जास्त त्या कुत्र्याचा, जो काही केल्या माझ्यावरची नजर काढत नव्हता. "काय हवंय तुला?" मी त्याच्यावर ओरडले, आणि ओरडता ओरडता रडायलाच लागले. चाळीस अनोळखी माणसांसमोर, अनवाणी.

आजी उठून माझ्याजवळ आल्या. "घरी कोन जेवू घाले याले?"

"बाबा. गेले ते."

"कसं घालत?"

"कसं म्हणजे?"

"म्हंजे कसं? कोनत्या वक्ताले, कुठी बसून, कायच्यात?"

मला माहीत नव्हतं. सहा वर्षं दर दिवाळीला चार दिवस त्या घरात राहून मला माहीत नव्हतं, कारण जेवायच्या वेळी मी ताट घेऊन दुसऱ्या खोलीत, लॅपटॉपपुढे. तसं मी आजींना सांगितलं.

"मंग इचार ना कोनाले तरी! तोंड हाय ना तुले?"

विचारण्यासारखं माणूस जगात एकच होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा असा. मी डोळे पुसले आणि काकूंना फोन लावला. वाटलं, उचलणार नाहीत. दुसऱ्या रिंगला उचलला.

"काकू," मी म्हणाले, "माझं चुकलं. बाबा कुत्र्याला कसं जेवू घालत हो?"

काकू म्हणाल्या, "मी वाटच पाहून राह्यली होती, कधी इचारते म्हनून. अवं, भाऊ जेवल्याबिगर ते तोंड नाही लावत. भाऊ खाली बसत, ते समोर बसे. भाऊचं जेवन पुरं झालं का ताटातला शेवटचा घास त्याले हातानं देत. तो खाल्ला का मंग ते आपल्या वाटीकडे जाये. सहा वर्सं मी खिडकीतून पाह्यलं…" मागे बाळ किंचाळलं. "थांब, लावतो तुले," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी आजींना सांगितलं. सगळ्या पंगतीला ऐकू गेलं, आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की आता पुरती पंचाईत झाली आहे. कुत्र्यानं खाल्ल्याशिवाय माणसं खाणार नाहीत, आणि माणसानं खाल्ल्याशिवाय कुत्रा खाणार नाही.

"आता वो?" मोठा मुलगा म्हणाला.

आजींनी फार विचार केला नाही. "बस वं माय," त्या मला म्हणाल्या. "जेव."

"आई! कुत्र्याच्या आधी? आजपर्यंत आपल्या घरात…"

"खंडोबाचं कुत्रं हाय का नाही हे?"

"हाव, हाय."

"मंग ते म्हनून राह्यलं ना, आधी ही जेवन म्हनून. देवाचं आयकू का तुमचं?"

मला कुत्र्यासमोर मातीत बसवलं, पुढ्यात पत्रावळ आली, रोडगा, तूप, भरीत, वरण. बाकीचे सगळे हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत होते. पहिला घास घेतला. कितीतरी दिवसांत मी अशी खाली बसून, पुढ्यात ताट घेऊन जेवलेच नव्हते. आता आठवू गेले तर तेराव्यालाही मी वाढतच होते. दुसरा घास गेला, तिसरा गेला. आरात भाजलेल्या गव्हाचा तो वास, वांग्याचा धूर, कांद्याची पात. मला भूक होती. भयंकर भूक होती आणि ती मला माहीतच नव्हती. डोळ्यांतून पाणी वाहतच होतं.

"रड," आजी म्हणाल्या, "पन जेव."

अर्धं जेवण झाल्यावर थांबावंसं वाटलं, पण कुत्रा जागचा हलला नव्हता, मान वाकडी करून प्रत्येक घास बघत होता. अर्धवट जेवण त्याला चालत नसणार. मी पत्रावळ पुसून खाल्ली. तुपात भिजलेला शेवटचा तुकडा राहिला, तो तळहातावर घेऊन पुढे केला.

त्यानं तो उचलला. ओठांनी, दात न लावता. मग उठला, शांतपणे आपल्या पत्रावळीकडे गेला, आणि तो अख्खा रोडगा, तूप, गार झालेलं वरण, सगळं त्यानं खाल्लं. पत्रावळ इतकी चाटली की पळसाचं पान फाटलं.

"येळकोट येळकोट जय मल्हार!" मोठ्या मुलानं दिलेली ती आरोळी सातपुड्यापर्यंत गेली असेल. पंगत जेवू लागली. भुकेनं सगळे असे तुटून पडले की दहा मिनिटं बोलण्याचा आवाज नाही. मी साहेबांना फोन करून सांगितलं की मीटिंगला येणार नाही, मी जेवत होते. बरं नाही का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, आता बरं आहे.

जेवणं झाल्यावर बायका ओळीनं कुत्र्याजवळ आल्या. त्याच्या कपाळाला भंडारा लावायचा, पाया पडायचं, बाजूला व्हायचं. स्वारी भरल्या पोटानं डोळे अर्धे मिटून मान घेत बसली होती. मी लांबून बघत होते. देवधर्म मला जमत नाही, आणि कुत्र्याच्या पाया पडणं तर त्याहून नाही.

तेवढ्यात काकूंचा फोन आला. बाळ झोपलं होतं.

"जेवलं का?"

"जेवलं. काकू, तुमचे उपकार…"

"ते राहू दे. मघाशी सांगाचं राह्यलं. तुही माय गेली ना, तवा भाऊनं जेवनच सोडलं होतं. तुले फोनवर जेवलो म्हनत, पन नाही जेवत. मी डबा देवो, तो तसाच वापस ये. मले वाटलं, दोनचार महिन्यात हा बी मानूस जाते. मंग ते पिल्लू आनलं त्यायनं. तेही असंच मरतुकडं, काही खायेच ना, भाऊच्या तोंडाकडे पाहत बसे. भाऊ जेवले का खाये. भाऊ मले म्हनत, काय करू वहिनी, याच्यापायी मले दोन टाईम जेवा लागते."

मी बांधावर खाली बसले.

"आयकून राह्यली ना?"

"हो काकू."

"सहा वर्सं जेवले मंग ते. पोटभर."

फोन ठेवला. म्हणजे मी रोज संध्याकाळी फोनवर "जेवलात का?" विचारून मोकळी होत होते, आणि त्यांना जेवायला कोणी दुसराच बसवत होता. सहा वर्षं, दोन वेळा, समोर बसून, शेवटचा घास होईपर्यंत. गेला दीड महिना तो माझ्याही समोर तसाच बसला होता.

ओळीत आता शेवटच्या दोघीतिघी राहिल्या होत्या. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. पुढची बाई बाजूला झाली तशी मी खाली वाकले, त्याच्या पुढच्या दोन्ही पायांवर हात ठेवले आणि डोकं टेकवलं. आजींना वाटलं, खंडोबाला नमस्कार केला.